भारत आणि पोर्तुगालचा घरखर्च एका ग्राफवर आणायचा तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.च्या डिझर्टेशनसाठी भारत आणि पोर्तुगाल या दोन देशांचा घरगुती उपभोग खर्च १९९० पासून आजपर्यंत ताडून बघायचाय, वर्ल्ड बँकेच्या साइटवरून चालू डॉलरमधले, म्हणजे त्या त्या वर्षीच्या किमतींचे आणि डॉलरभावाचे, आकडे उतरवले, ग्राफ काढला, आणि तो विचित्र दिसतोय. भारताची रेघ १९९१-९२ ला खड्ड्यात, पोर्तुगालची २००२ ते २००८ सरळ वर आणि २०१५ ला धपकन खाली. गाइड म्हणाले असं चालणार नाही, पण काय चालेल ते सांगितलं नाही. आणि जमलं तर गोव्याची पण तिसरी रेघ टाकायचीय.

नॅशनल अकाउंट्सच्या, म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्न-खर्चाच्या हिशोबाच्या, तक्त्यांत माझी नोकरीतली बरीच वर्षं गेली, त्यामुळे जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बस.

विषय गोव्यातून सुचणं साहजिक आहे, अर्ध्या वाड्याचं कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर आहे. पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, तू काढलेली ती रेघ निव्वळ खर्चाची नाही, तिच्यात एक्स्चेंज रेट मिसळलाय आणि काही वर्षी तर तोच जास्त आहे. १९९० ला डॉलरचा सरासरी भाव साडेसतरा रुपये होता, १९९२ ला जवळपास २६, मधे जुलै १९९१ ला दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. म्हणजे १९९० ला जो माणूस १७५ रुपये खर्च करत होता तो तुझ्या ग्राफवर १० डॉलरचा, आणि १९९२ ला त्याने तेवढेच १७५ खर्च केले तर तो पावणेसात डॉलरचा. प्रत्यक्षात रुपयात, महागाई काढून बघितलं तर देशाचा घरखर्च तेव्हा घटलेला नाही, वाढ मंदावली एवढंच. पोर्तुगालचं उलट. युरो २००० ला सरासरी ९२ सेंटला होता आणि २००८ ला १ डॉलर ४७ सेंटला, म्हणजे लिस्बनमधल्या कोणी एक सेंट जास्त खर्च केला नाही तरी रेघ ६० टक्के वर. मग २०१५ ला युरो १.११ वर आला आणि रेघ कोसळली.

आणि खरी मजा २०११ ची. त्या वर्षी पोर्तुगाल दिवाळखोरीच्या दारात, युरोपियन कमिशन, युरोपियन सेंट्रल बँक आणि आयएमएफ या तिघांकडून ७८ अब्ज युरोचं पॅकेज, पगार-पेन्शन कापलेले, जानेवारी २०११ ला व्हॅटचा मुख्य दर २३ टक्के केलेला, पुढच्या जानेवारीत हॉटेलातलं जेवणसुद्धा १३ वरून २३ टक्क्यांच्या खान्यात टाकलेलं. लोकांचा खरा खर्च २०११, २०१२, २०१३ असा सलग तीन वर्षं घसरला. पण डॉलरच्या रेघेत २०११ ची घसरण दिसतच नाही, कारण त्या वर्षी युरो वधारला होता. जो ग्राफ एवढं मोठं संकट लपवतो आणि जो खड्डा नव्हता तो दाखवतो तो गाइडनी परत पाठवला तर बरोबरच केलं.

मग काय करायचं? आधी ठरव की विचारायचंय काय. कोणाचा खर्च जास्त वेगाने वाढला, हा एक प्रश्न. आज एका माणसाला कुठे जास्त वस्तू-सेवा मिळतात, हा दुसरा. या दोघांना एकच आकडा पुरत नाही. वाढ बघायची असेल तर प्रत्येक देशाच्या स्वतःच्या चलनात, स्थिर किमतींना म्हणजे महागाई काढून, डॉलरला मधे आणायचंच नाही. पातळी बघायची असेल तर पीपीपी, म्हणजे क्रयशक्तीच्या समतेचा दर, ज्या दराने तेवढ्याच पैशात दोन्हीकडे सारख्याच वस्तू-सेवा येतील असा. लोक हे दोन्ही एकाच डॉलरच्या रेघेतून वाचायला जातात आणि तिथेच गोंधळ होतो.

वाढीचं आधी. वर्ल्ड बँकेकडे स्थिर किमतींना, देशाच्या चलनातली सिरीज आहे ती घे. दोन्ही देशांना २००० = १०० धर आणि पुढेमागे काढत जा. "स्थिर २०१५ डॉलर" असं लिहिलेली सिरीज पण मिळेल, तिच्यात वाढीचे दर तेच असतात कारण एका वर्षाच्या रेटने सगळी रेघ गुणलेली असते, पण म्हणून तिच्यातून पातळी वाचू नको, ती २०१५ च्या बाजारभावाची आहे आणि ते वर्ष युरोसाठी पडझडीचं होतं. पोर्तुगालचे १९९० चे आकडे युरोत बघून दचकू नको, तेव्हा युरो नव्हताच, त्यांच्या जुन्या चलनातले, एस्कुदोतले, आकडे २००.४८२ या कायमच्या दराने भागून युरोत लिहिलेत, तू परत भागायचं नाही. आणि दरडोई करायला विसरू नको. भारताची लोकसंख्या या काळात दीडपटीहून जास्त झाली, पोर्तुगालची २०११ च्या जनगणनेत १ कोटी साडेपाच लाखांच्या आसपास होती आणि २०२१ ला त्याहून दोनेक टक्के कमी भरली. एकूण खर्चाच्या रेघेत भारत जो पळताना दिसतो त्यातला चांगला हिस्सा नुसत्या माणसांच्या संख्येचा आहे.

भारताच्या सिरीजमध्ये बेस इयरची, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती स्थिर धरतात त्या वर्षाची, भानगड आहे. १९९९-२०००, मग २००४-०५, मग २०११-१२, आणि त्यानंतरचा नवा बेस २०२२-२३ ठरवलाय. बेस बदलला की फक्त किमती बदलतात असं नाही, डेटाचे सोर्स बदलतात, पद्धत बदलते, कधी कधी तर त्याच वर्षाचा आकडा वेगळा येतो. म्हणून दोन फायली एकाखाली एक चिकटवायच्या नाहीत. जिथे दोन्ही सिरीजमध्ये एकच वर्ष आहे तिथे नव्या सिरीजचा आकडा धरायचा आणि जुन्या सिरीजचे फक्त वाढीचे दर वापरून मागे मागे यायचं. २०११-१२ बेसची बॅक सिरीज, म्हणजे नव्या पद्धतीने काढलेले मागचे आकडे, २००४-०५ पर्यंतची नोव्हेंबर २०१८ मध्ये आली, तिच्यावर वाद झाला तो झालाच, पण सांधा कुठे मारला ते फूटनोटमध्ये लिही म्हणजे झालं. युरोपात चेन-लिंकिंग आहे, वजनं दरवर्षी बदलतात, त्यामुळे तिथे अन्न, कपडे, घरभाडं यांची स्थिर किमतीची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. ती जुळत नाही म्हणून एक्सेलमध्ये चूक शोधत रात्र घालवू नको.

अजून एक, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. वर्ल्ड बँक २०२०-२१ ला २०२० म्हणते. एरवी तीन महिन्यांचा फरक खपून जातो, पण लॉकडाउनच्या वर्षी नाही खपत, आपल्याकडे तो २५ मार्चपासून म्हणजे २०१९-२० च्या शेवटच्या आठवड्यात लागला. तिमाही आकडे आहेत, जानेवारी-मार्च पुढच्या तीन तिमाहींना जोडून कॅलेंडर वर्ष बनवता येतं. तेवढं एका वर्षासाठी तरी कर.

आता पातळी, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय कारण पीपीपी म्हणजे नक्की काय ते बहुतेक डिझर्टेशनमध्ये एका वाक्यात उडवून लावतात. देशोदेशीचे भाव गोळा करून पीपीपी दर काढणारा इंटरनॅशनल कम्पॅरिझन प्रोग्रॅम (आयसीपी) आहे, त्याच्या २०१७ च्या फेरीत भारताचा जीडीपीसाठीचा दर आला डॉलरला २०.६५ रुपये, बाजारभाव होता ६५.१२. म्हणजे बाजारभावाने धरलं तर भारतीयांचा खर्च जितका दिसतो त्याच्या तिपटीहून जास्त पीपीपीने दिसतो. हे का होतं ते एका खेळातल्या उदाहरणाने बघ, आकडे मी हिशोबापुरते धरलेत. समज दोनच गोष्टी आहेत, नुस्ते म्हणजे मासळी आणि केस कापणं. म्हापशाला नुस्ते ३०० रुपये किलो, न्हावी १०० रुपये. लिस्बनला नुस्ते ६ युरो किलो, न्हावी १२ युरो. आपला माणूस वर्षाला ३० किलो नुस्ते खातो आणि २४ वेळा केस कापतो. तिकडचा ४० किलो खातो आणि ८ वेळाच कापतो, कारण तिकडे न्हावी महाग.

लिस्बनच्या भावाने दोघांचा खर्च काढ. आपला १८० अधिक २८८ म्हणजे ४६८ युरो, त्याचा २४० अधिक ९६ म्हणजे ३३६. आपण ३९ टक्के जास्त श्रीमंत! आता म्हापशाच्या भावाने काढ. आपला ९००० अधिक २४००, म्हणजे ११,४०० रुपये, त्याचा १२,००० अधिक ८००, म्हणजे १२,८००. आता आपण ११ टक्के गरीब. माणसं तीच, नुस्ते तेच, केस तेच. आणि युरोला ९० रुपये असा बाजारभाव धरला तर आपले ११,४०० म्हणजे १२७ युरोच्या आत, त्याच्या ३३६ च्या चाळीस टक्केसुद्धा नाहीत. तीन उत्तरं, आणि गणित तिन्हीकडे बरोबर.

यातली गोम अशी की प्रत्येक देशात लोक जे स्वस्त असतं ते जास्त घेतात, आणि दुसऱ्या देशाच्या भावाने मोजलं की तीच स्वस्तातली गोष्ट महाग धरली जाते. म्हणून परक्या भावाने मोजलेला देश बहुधा मोठा दिसतो. प्रोग्रॅमवाले दोन्ही उत्तरांचा भूमितीय मध्य काढतात, फिशर म्हणतात त्याला, आपल्या उदाहरणात १.३९ गुणिले ०.८९ चं वर्गमूळ, म्हणजे १.११. मग पावणेदोनशेच्या आसपास देशांच्या जोड्यांत एकवाक्यता आणायला त्यावर आणखी एक पायरी असते. एकच खरं उत्तर असं त्यात काही नाही, तो समजुतीने काढलेला मध्य आहे, आणि दोन देशांच्या राहणीत जितका फरक जास्त तितका तो मध्य दोन्ही टोकांपासून लांब. पोर्तुगाल आणि स्पेनची तुलना केलीस तर दोन्ही उत्तरं जवळजवळ येतील. भारत आणि पोर्तुगालची नाही येणार.

आणि हे झालं वस्तू एकसारख्या आहेत असं धरून. प्रत्यक्षात भाव गोळा करणाऱ्याला जुळणारी वस्तू शोधावी लागते. तांदूळ घे. पोर्तुगाल युरोपात माणशी सगळ्यात जास्त भात खाणारा देश, पण त्यांचा कारोलिनो आणि आपला उकडा एकच वस्तू आहे का? बांगडा तिकडे पण मिळतो पण ते जीव टाकतात सुकवलेल्या कॉडवर, जो त्यांच्या समुद्रात मिळतच नाही, जास्त करून नॉर्वेवरून येतो. घरभाडं, शिक्षण, दवाखाना यांत तर जुळवाजुळव याहून कठीण. म्हणून पीपीपीच्या आकड्यात पाच-सात टक्क्यांच्या फरकावर मी कधी मत बनवत नाही, तू पण बनवू नको.

तुला घरखर्च मोजायचाय तर जीडीपीचा पीपीपी दर वापरू नको, खाजगी उपभोगाचा वेगळा दर वर्ल्ड बँक देते तो घे. २०२१ ची फेरी मे २०२४ मध्ये आली, पातळी त्या वर्षाची घे आणि तिथून मागे स्वतःच्या चलनातल्या वाढीच्या दरांनी ये. फक्त नव्वदच्या दशकापर्यंत मागे गेलीस की ती पातळी अंदाजच समज. भारत १९८५ नंतर थेट २००५ च्या फेरीत उतरला, आणि ते आकडे डिसेंबर २००७ ला आले तेव्हा भारताचा पीपीपीमधला जीडीपी आधीच्या अंदाजापेक्षा एका रात्रीत ४० टक्क्यांच्या आसपास खाली आला. २०११ च्या फेरीने पुन्हा वर नेला. देशात कोणाच्या ताटातलं काही कमी-जास्त झालं नव्हतं. पोर्तुगालचे भाव युरोस्टॅट दरवर्षी गोळा करतं त्यामुळे त्यांची बाजू पक्की आहे, डळमळतं ते आपलं टोक.

आता व्याख्या. दोन्हीकडे "घरगुती" म्हणताना चर्च, देवस्थान समित्या, क्लब, धर्मादाय संस्था यांचा खर्च पण मिसळलेला असतो. वर्ल्ड बँकेत दोन्ही देश तसेच आहेत म्हणून ठीक, पण युरोस्टॅटवर पोर्तुगालचा आकडा संस्था सोडून पण मिळतो, तो उचललास आणि भारताचा संस्थांसकट, तर जोडी फसली.

दुसरं पर्यटन, आणि हे गोव्यातल्या माणसाला लगेच कळेल. देशाच्या हद्दीत झालेला खर्च वेगळा आणि देशाच्या रहिवाशांनी केलेला खर्च वेगळा. एकूण आकडा रहिवाशांचा असतो, परदेशी पाहुण्यांचा खर्च त्यातून वजा होतो आणि निर्यातीत जातो. पण अन्न, हॉटेल, कपडे असा तपशीलवार तक्ता हद्दीवर मोजलेला असतो, दोन्ही देशांत. पोर्तुगालची पर्यटनाची कमाई २०१९ ला १८ अब्ज युरोच्या वर होती आणि २०२३ ला २५ अब्ज, एवढ्या छोट्या देशाला हे प्रचंड आहे. त्यामुळे "पोर्तुगीज लोक हॉटेलांवर केवढा खर्च करतात बघा" असं वाक्य त्या तक्त्यावरून लिहिलंस तर त्यात बरेचसे ब्रिटिश, स्पॅनिश असे परदेशी पाहुणे असणार. आपल्याकडे बागा-कळंगुटला दिल्लीवाला पैसे उडवतो तो देशाच्या हिशोबात रहिवासीच, त्याचं काही वजा होत नाही. पण इंग्लंडात स्विंडनला स्थायिक झालेला आपला गोंयकार डिसेंबरात आईकडे येऊन महिनाभर मासळीबाजारात जे खर्च करतो ते नियमाने परदेशी पाहुण्याचं. आणि जहाजावरचा तारवटी, ज्याचं घर आणि कुटुंब इथेच आहे, तो भारताचा रहिवासी धरला जातो, भले वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर असो.

तिसरं सरकार. हे जास्त महत्त्वाचं आहे आणि बहुतेक जण सोडून देतात. बांबोळीला गोमेकॉमध्ये, म्हणजे सरकारी हॉस्पिटलात, फुकटात ऑपरेशन झालं तर तो सरकारचा उपभोग, पेशंटच्या घरखर्चात शून्य. तेच खाजगीत झालं की घरखर्चात लाख-दीड लाख. पोर्तुगालात १९७९ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे, आणि सरकारी उपभोगाचा जीडीपीतला वाटा तिकडे १७-१८ टक्के, आपल्याकडे १०-११. भारतात आरोग्यावरच्या एकूण खर्चातला लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा २०१३-१४ ला ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ ला ३९.४ वर आला असं सरकारचे हेल्थ अकाउंट्स सांगतात. आता बघ, खिशातून जाणारा पैसा कमी झाला की घरखर्चाचा आकडा तेवढा कमी वाढतो, आणि तू ग्राफ बघून म्हणशील भारताचा उपभोग मंदावला, खरं तर सेवा तीच, बिल दुसऱ्याने भरलं. यावर उपाय म्हणजे प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोग, म्हणजे घरखर्च अधिक सरकारने माणसामाणसाला दिलेलं शिक्षण-आरोग्य. आयसीपीच्या फेऱ्यांत हा आकडा दोन्ही देशांसाठी मिळतो. निदान एका वर्षासाठी दोन्ही मापं शेजारी ठेव, पोर्तुगाल थोडा आणखी पुढे गेलेला दिसेल.

चौथं, सर्व्हे आणि नॅशनल अकाउंट्स एकमेकांत घुसडू नको. आपला घरगुती उपभोग खर्चाचा सर्व्हे २०२२-२३ ला झाला, माणशी महिना खर्च ग्रामीण ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९. यावरून देशाचा एकूण काढलास तर तो नॅशनल अकाउंट्सच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपासच भरतो. कारणं बरीच आहेत, स्वतःच्या घराचं मानीव भाडं (मालकाने ते घर भाड्याने घेतलं असतं तर जे भरलं असतं ते) अकाउंट्समध्ये असतं आणि सर्व्हेत नसतं, श्रीमंत माणूस सर्व्हेवाल्याला दार उघडत नाही, उघडलं तर खरं सांगत नाही. शिवाय २०१७-१८ चा सर्व्हे सरकारने डेटाच्या क्वालिटीचं कारण देऊन जाहीरच केला नाही, म्हणजे २०११-१२ नंतर अकरा वर्षांचं भगदाड. सर्व्हेचा उपयोग वाट्यांसाठी कर. ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा १९९९-२००० ला ५९ टक्क्यांच्या वर होता, २०२२-२३ ला ४६ च्या आसपास. हा एक आकडा माझ्या मते तुझ्या अख्ख्या डॉलरच्या ग्राफपेक्षा जास्त सांगतो, आणि त्याला कुठलाच एक्स्चेंज रेट लागत नाही.

राहिली गोव्याची रेघ. ती या ग्राफवर टाकू नको. राज्याचे अधिकृत आकडे उत्पादनाच्या बाजूने येतात, गोव्याचा दरडोई जीएसडीपी, म्हणजे राज्यापुरता जीडीपी, हा काही गोवेकरांचा खर्च नव्हे, वेर्ण्याच्या कारखान्यातला नफा मुंबईला किंवा परदेशात जातो तोही त्यातच. उपभोगासाठी सर्व्हेच धरावा लागेल. २०२२-२३ ला गोव्याचा ग्रामीण आकडा ७,३६७ रुपये आणि शहरी ८,७३४, म्हणजे आपलं गाव देशाच्या सरासरी शहरापेक्षा जास्त खर्च करतं. पण गोव्याचं सॅम्पल लहान, त्यामुळे तालुक्यापर्यंत खाली उतरायचं नाही. वेगळा तक्ता कर, शेजारी पोर्तुगालच्या त्यांच्या स्वतःच्या फॅमिली बजेट सर्व्हेचे वाटे ठेव, तो साधारण पाच वर्षांनी होतो, २०२२-२३ चा त्यांचाही आहे. फक्त वाटे काढायच्या आधी त्यांच्या बाजूने घराचं मानीव भाडं वजा कर, ते त्यांच्या सर्व्हेत धरलेलं असतं आणि आपल्यात नाही, नाहीतर अन्नाचा वाटा तिकडे उगाच कमी दिसेल.